टाच दुखतेय? आधी एका बोटाने दाखवा

"पाय दुखतोय हो," असं म्हणत माणूस समोरच्या खुर्चीत बसतो आणि मांडीपासून बोटांपर्यंत सगळीकडे हात फिरवतो. मी म्हणते, एका बोटाने दाखवा. हात हवेतच थांबतो. मग तो वाकतो, इथे दाबतो, तिथे दाबतो, आणि टाचेच्या तळाशी आतल्या अंगाला अंगठा टेकला की "आई गं!" येतं. निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.

मराठीत पाय म्हणजे कमरेखालचं सगळंच. त्यामुळे गुडघा, पोटरी, टाच सगळं एकाच तक्रारीत येतं. हा लेख फक्त घोट्याखालच्या पावलाबद्दल आहे. तेवढ्याशा जागेत २६ हाडं आहेत आणि प्रत्येक पावलागणिक अख्ख्या शरीराचं वजन त्यांच्यावर येतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोज पावलं हातात घेऊन बसते. पहिल्यांदाच हे दुखणं मागे लागलेल्या माणसाने काय पाहावं, कोणत्या क्रमाने पाहावं, ते इथे लिहिते आहे.

हे असेल तर लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा

मुरगळल्यावर किंवा पडल्यावर त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर किंवा करंगळीच्या बाजूने पावलाच्या मध्यावर दाबल्यावर कळ जात असेल, तर एक्स-रे हवा. अशा पायाला तेल लावून रगडून घेणं, "बसवून" घेणं नको. फ्रॅक्चर असेल तर रगडण्याने ते हलतं.

धावताना किंवा जिना चढताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, फट् असा आवाज आला आणि टाच उचलताच येत नसेल, तर टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, तुटलेली असू शकते. त्याच दिवशी जा. पाऊल लाल, गरम आणि सोबत ताप असेल, पाऊल किंवा बोट अचानक गार, पांढरं वा निळसर पडलं असेल, तरी तसंच. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते, आणि वर दम लागत असेल तर क्षणाचाही वेळ घालवू नका.

आणि मधुमेह असेल तर पावलावरची कोणतीही जखम, फोड, काळा डाग, गरम सूज ही आजची गोष्ट आहे. दुखत नसली तरी. खरं तर दुखत नसेल तर जास्तच.

पहिलं काम: जागा, वेळ आणि "मधे काय बदललं?"

यातलं काही नसेल तर एक कागद घ्या. बोट ठेवून जागा नक्की करा. मग लिहा की सगळ्यात जास्त कधी दुखतं: सकाळी उठल्यावर, दिवस मावळताना, रात्री अंथरुणात, की चालायला लागल्यावर ठरावीक अंतराने. तिसरा प्रश्न लोक टाळतात, पण उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं: गेल्या दोनेक महिन्यांत काय बदललं? नवीन चप्पल, नवीन घर, उभं राहण्याची नोकरी, वाढलेलं वजन, १ जानेवारीला उत्साहात सुरू केलेलं पळणं. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या बायका दसऱ्यानंतर टाच धरून येतात. एरवी वर्षभर मऊ चपलेत असलेला पाय एकदम डांबरावर आणला तर तो बोलणारच.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये माझीच टाच धरली होती. दिवसभर घरात, गुळगुळीत टाइल्सवर, अनवाणी. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या मला कारण सापडायला तीन आठवडे लागले.

टाचेच्या तळाशी, सकाळचं पहिलं पाऊल

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच, म्हणून यावर जरा रेंगाळते. झोपेतून उठून पाय जमिनीवर टेकवला की टाचेत सुई घुसल्यासारखं होतं. भिंतीचा आधार घेत चवड्यावर चालत माणूस बाथरूमपर्यंत जातो. दहा-पंधरा मिनिटांत दुखणं ओसरतं. दुपारी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. संध्याकाळी ठणका. हे प्लांटर फॅसायटिस.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायात एक चिवट पट्टा ताणलेला असतो. पायाची कमान त्यावर तोलली जाते. त्या पट्ट्यावर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार रोज पडत राहिला की टाचेशी जिथे तो चिकटतो तिथे झीज होते. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो. म्हणून ती सुई. चाळिशी-पन्नाशीत, वजन जास्त असलेल्यांत, आणि तासन् तास उभं राहणाऱ्यांत हे जास्त: शिक्षक, वॉचमन, पोळी-भाजी केंद्रातल्या बायका, सलूनवाले, ट्रॅफिक पोलीस.

इथे लोक एक्स-रे घेऊन येतात आणि फिल्म उजेडाकडे धरून सांगतात, "हाड वाढलंय." वाढलं असेलही. पण टाच कधीच न दुखलेल्या कित्येकांच्या एक्स-रेमध्येही तो वाढलेल्या हाडाचा काटा दिसतो, आणि बरं झालेल्यांचा काटा तसाच राहतो. दुखणं काट्याचं नाही, पट्ट्याचं आहे. काटा "विरघळवणारं" तेल, चूर्ण, बेल्ट यांवर पैसे घालवू नका.

आता करायचं काय. सकाळी *पलंगावरून उतरण्याआधी* हा ताण द्या. बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. एका हाताने पाचही बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा कमानीवर फिरवा. तिथे ताणलेल्या दोरीसारखं काही हाताला लागलं म्हणजे ताण बरोबर बसलाय. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. मगच पाय खाली टेकवा. दिवसातून तीनदा, आणि जेव्हा जेव्हा बराच वेळ बसून उठायचं असेल तेव्हाही.

दुसरा ताण पोटरीचा. भिंतीला दोन्ही हात टेका, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ. पुढे झुका, तीस सेकंद थांबा. तीन वेळा. मग तोच पाय थोडा जवळ आणून गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीन वेळा. गुडघा सरळ असताना वरचा स्नायू ताणला जातो, वाकवल्यावर आतला. दोन्ही लागतात. टाच उचलली गेली की सगळं फुकट, आणि नव्वद टक्के लोक टाच उचलतात!

पंधरवड्याने सकाळची धार थोडी कमी झाली की तिसरा व्यायाम जोडा. मला विचाराल तर खरं काम हाच करतो. जिन्याच्या खालच्या पायरीवर पंच्याची घट्ट गुंडाळी ठेवा आणि फक्त बोटं त्या गुंडाळीवर चढवा. चवडा पायरीच्या कडेवर, टाच बाहेर. कठडा धरा. तीन आकडे मोजत टाचा वर उचला, वर दोन आकडे थांबा, तीन आकडे मोजत खाली या. आधी दोन्ही पायांवर, जमू लागलं की एकट्या दुखऱ्या पायावर. बारा वेळा जमलं की पुढे पाठीवर सॅक घेऊन त्यात एकेक पुस्तक वाढवत जा. दिवसाआड. रोज नको, मधला दिवस पट्ट्याला सावरायला लागतो. करताना थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी तीन-चारच्या वर जात असेल किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, तर वजन आणि आकडे कमी करा.

बर्फासाठी पाण्याची छोटी प्लास्टिकची बाटली भरून फ्रीजरमध्ये टाका आणि संध्याकाळी टीव्ही बघताना तळपायाखाली दहा मिनिटं लाटण्यासारखी फिरवा. ज्यांच्या पायाला बधिरता आहे त्यांनी हे करू नये.

वीट तापवून, तिच्यावर रुईची पानं ठेवून टाच शेकायची हा आजीचा उपाय अजून गावोगाव चालतो. शेकाने बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. पण ते तासाभरापुरतं, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर भलताच प्रसंग. शेकायचंच तर गरम पाण्याची पिशवी आहे की.

घरात अनवाणी फिरणं मात्र बंद. यावर घराघरांत वाद होतो, कारण चप्पल घालून स्वयंपाकघरात, देवघरात कसं जायचं? घरातच वापरायची एक वेगळी, मऊ आणि थोड्या उंच टाचेची जोडी ठेवा. ती उंबऱ्याबाहेर नेऊ नका. ओट्यापाशी जिथे तासभर उभं राहता तिथे जाड मॅट टाका. पूजेची दहा मिनिटं अनवाणी राहिलात तर काही बिघडत नाही. बिघडतं ते त्यानंतरच्या दहा तासांनी.

धीर किती धरायचा? फरक जाणवायला सहा-आठ आठवडे लागतात आणि पूर्ण बरं व्हायला काही महिने. बहुतेकांचं वर्षाच्या आत, ऑपरेशनशिवाय बरं होतं. "आठ दिवस केलं, गुण नाही" म्हणून सोडणारे लोक मला वर्षाने पुन्हा भेटतात.

बोट दुसरीकडे पडलं तर

टाचेच्या *मागे*, जिथे बुटाची कड लागते तिथे दुखत असेल तर ते अकिलिस टेंडनचं. पळायला किंवा टेकडी चढायला नुकत्याच लागलेल्यांत दिसतं. उपाय टाच उचलण्याचाच, पण दुखणं अगदी हाडापाशी असेल तर पायरीवर नको, सपाट जमिनीवर करा. टाच पायरीखाली झुकवली की वाढतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक घेत असताना टाचेमागे दुखायला लागलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. त्या औषधांनी ही शीर क्वचित तुटते.

आठ ते चौदा वयाचं, खेळणारं मूल टाच दुखते म्हणत असेल तर ती बहुधा वाढीच्या हाडावरची ओढ असते. खेळ थोडा कमी, टाचेखाली मऊ पॅड, पोटरीचे ताण. वाढ पूर्ण झाली की जातं.

चवड्याखाली दुखतं, आणि तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे चपलेत खडा गेल्यासारखं वाटतं, बूट काढून बोटं चोळली की बरं वाटतं: तिथली नस दाबली जातेय. निमुळते बूट आणि उंच टाचा सोडा. अर्ध्या तक्रारी तेवढ्यानेच जातात.

अंगठ्याच्या मुळाशी, रात्री दोन-तीनच्या सुमाराला अचानक, लाल, चादरीचा स्पर्शही नको असं दुखलं तर गाउटचा, म्हणजे सांध्यात युरिक अ‍ॅसिड साचून होणाऱ्या दुखण्याचा, विचार करायचा. गंमत अशी की ऐन झटक्यात रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, म्हणून एका रिपोर्टवर "गाउट नाही" म्हणून मोकळं होऊ नका. युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी झटका सुरू असताना स्वतःहून सुरू करू नका आणि आधीपासून चालू असेल तर बंदही करू नका.

पावलाच्या वरच्या बाजूला एका हाडावर बोट ठेवल्यावर नेमकं दुखतं, चालण्याने वाढतं, आणि आपण अलीकडेच चालणं किंवा पळणं एकदम वाढवलंय, तर हाडाला केसासारखी चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे, पळा" हा सल्ला इथे अंगाशी येतो.

कातडीची दुखणीही पायदुखी म्हणूनच येतात. कुरूप आणि चामखीळ यांत लोकांची गल्लत होते: सरळ दाबलं की दुखतं ते कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की दुखते ती चामखीळ, आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्टीत अ‍ॅसिड असतं. मधुमेह्यांनी ती लावायची नाही. पावसाळ्यातल्या चिखल्या बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवून आणि बुरशीचं मलम लावून जातात; मलम वरून बरं दिसल्यावरही काही दिवस लावायचं असतं.

चिकनगुनिया होऊन गेलेल्यांचे घोटे महिनोन् महिने धरतात, ते वेगळं. आणि तिशीच्या आतला मुलगा, दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्धा तास आखडलेली असते, मधूनच डोळा लाल होतो, असं चित्र असेल तर चप्पल बदलून उपयोग नाही. त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं. ही केस वर्षानुवर्षं "टाचदुखी" म्हणून फिरत राहते.

जळजळ, मुंग्या, बधिरपणा

एका बोटाने दाखवता येत नाही, दोन्ही तळवे रात्री भगभगतात, पंख्याखाली पाय उघडे ठेवावेसे वाटतात. ही नसांची तक्रार. साखर तपासा, बी-१२ तपासा. शाकाहारी माणसांत आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. थायरॉइडही बघून घ्या.

जळजळ होते तोवर माणूस तक्रार करतो. खरा धोका ती थांबून पाय "शांत" झाल्यावर असतो. एक आजोबा नातवाच्या मोटरसायकलवर बसून आले होते, तक्रार गुडघ्याची. चप्पल काढली तर तळव्याला काळपट ओल. चपलेत वरच्या बाजूने अर्धा इंच खिळा आला होता. सकाळपासून त्यावरच चालत होते. "काही लागलं नाही हो," म्हणाले, आणि ते खरंच होतं.

म्हणून मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री दिवा लावून तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, किंवा घरातल्या कुणाकडून. चप्पल-बूट घालण्याआधी झटकून आत हात फिरवायचा. पायावर गरम पाणी घेण्याआधी कोपराने तापमान बघायचं. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही. तळवे बधिर असतील तर भाजलेलं कळतसुद्धा नाही. नखं सरळ कापायची, कोपरे आत खणायचे नाहीत, नाहीतर नख रुतून नखुरडं होतं. अनवाणी कुठेही नाही, तीर्थक्षेत्रीसुद्धा मोजे घालून. एम.सी.आर. चप्पल मागा. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली ही चप्पल दिसायला साधी, पण कामाची. आणि वर्षातून एकदा पावलांची तपासणी: नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून कळतंय का ते बघतात. पाच मिनिटांचं काम आहे.

तंबाखू-विडी-सिगारेटवाल्यांसाठी वेगळं. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत किंवा पावलात गोळा येतो, थांबलं की जातो, पुन्हा तेवढंच अंतर. हा रक्तपुरवठ्याचा प्रश्न, आणि त्यावर तंबाखू बंद करण्याला पर्याय नाही.

चप्पल-बूट घेताना

संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. दोन्ही पायांत घालून उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट हातात घेऊन वाकवा: बोटांपाशी वाकावा, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. मागची टाचेची बाजू चिमटीत दाबून बघा, टणक लागायला हवी. कोल्हापुरी मला आवडते, लग्नाकार्याला घालतेही, पण टाच दुखत असताना तिचा सपाट कडक तळ नको. बाथरूम स्लिपरवर बाजार फिरून येणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. सपाट तळवे असणं हा स्वतःहून काही आजार नाही. दुखत नसतील तर महागडे इनसोल करून घेऊ नका. मात्र चाळिशीनंतर एकाच पायाची कमान नव्याने खाली बसायला लागली तर दाखवा.

गोळी, इंजेक्शन, आणि पुढे

मेडिकलमधून डायक्लोफिनॅक या दुखणं थांबवणाऱ्या गोळीची पाकिटं आणून महिनाभर खाणं ही वाईट सवय. किडनी आणि पोट दोन्ही त्याचा हिशेब ठेवतात. टाचेतलं स्टेरॉइड इंजेक्शन काही आठवडे छान आराम देतं, पण त्यानंतर व्यायाम केला नाही तर दुखणं परत येतं, आणि ते पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेची चरबीची गादी पातळ होण्याचा, पट्टा तुटण्याचा धोका असतो. "एक सुई मारून टाका" म्हणणाऱ्याला मी हे आधी सांगते. नीट सहा महिने व्यायाम करूनही गुण नसेल तर शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्राने टाचेवर लहरींचे झटके देण्याचा, विचार होतो, आणि ऑपरेशन त्याच्याही नंतर, फार थोड्यांना.

आठ आठवडे मनापासून करून काहीच फरक नसेल, किंवा मधेच रात्री झोपेतून जाग यावी इतकं दुखायला लागलं, तर डॉक्टरांकडे जा. जाताना तो कागद न्या, सगळ्या चालू गोळ्यांची नावं न्या, आणि एका पिशवीत रोजची चप्पल, बूट, घरातली स्लिपर असं सगळं न्या. नवी नको, झिजलेलीच. तळ कुठल्या बाजूने घासलाय ते बघितलं की तुमची चाल तुम्ही खोलीत शिरण्याआधीच अर्धी कळते. एक बाई लाजून घासून-धुऊन आणतात दरवेळी. धुतलं तरी चालतं, तळ काही बदलत नाही.